सीटखालचा स्विच

४ ऑगस्ट

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली आणि सांगितलंस तसं सगळं केलं. अप्पांनी पात्याखाली अडकलेलं गवत खरवडून काढलं, डिझेलचा फिल्टर बदलला, टाकीच्या झाकणाचं भोक टाचणीने मोकळं केलं. फरक शून्य. आपला छोटा ट्रॅक्टर रस्त्यावर शहाण्यासारखा चालतो, आणि बागेत गवत कापायला लागला की दर ओळीत मधेच गपकन बंद. धूर नाही, धापा नाहीत, दिवा विझावा तसा. किल्ली फिरवली की परत सुरू.

गंमत म्हणजे परवा मी बसले, तर मेला सुतासारखा सरळ चालला! अप्पा म्हणाले, घरात कुणाचं चालतं ते त्यालाही कळतं.

अर्धी बाग गुडघाभर गवतात आहे. माझ्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, आणि अप्पा दुसऱ्या कुणाला ट्रॅक्टरला हात लावू देत नाहीत. तू एवढा मोठा मिस्त्री, जगाची यंत्रं उठवून बसवतोस. आता हे काय ते सांगच.

लोभ आहे म्हणतोस, तो कागदावर असाच दिसत राहू दे.

तुझी,
धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दिव्यासारखा विझतो म्हणजे डिझेलची तक्रार नव्हे, करंटची. हे आधी लिहिलं असतंस तर टाचणी वाचली असती. खड्ड्यावरून जाताना बंद पडतो का, ते बघ. तसं असेल तर चोर सापडला. सीटखाली एक स्विच असतो. पातं फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा पडला, तर इंजिन आपोआप थांबावं म्हणून तो बसवलेला असतो. धुळीपाण्याने हे स्विच हमखास जातात. तो काढ, दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळ आणि जुना मला पाठव. त्याच मापाचा नवा धाडतो. तोवर अप्पांना बजाव, पातं थांबल्याशिवाय उतरायचं नाही.

तू बसलीस तर का चालला म्हणतेस? अगं, तुझ्या वजनाखाली स्विच काय, अख्खा ट्रॅक्टर दबून राहत असेल! राग आला तर पत्रातच काढ.

अप्पांना नमस्कार. तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

तुझा दादा

१७ ऑगस्ट

ती. दादास,
जाडीचा सा. न. वि. वि.

चोर तोच निघाला. खड्डा आला की बंद! वायरी जोडल्या आणि अप्पांनी दोन दिवसांत सगळी बाग कापून काढली, एकदाही न थांबता. इतके दमले की दोन्ही रात्री जेवलेच नाहीत, तसेच झोपले. पण स्वारी खूश आहे. त्यांच्या विजारी मी पुन्हा कमरेत आत घेतल्या. ढगळ कपडा यंत्रात अडकतो म्हणतात.

स्विच या पार्सलात आहे. तुझ्या डोक्याला मानलं बाई. वजनाचा हिशेब मात्र घरी आलास की चुकता करीन, तोवर माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

२५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. आधी एकटी वाच.

स्विच काल पोचला. नवा आणण्याआधी सवयीने मीटर लावून पाहिला. ठणठणीत आहे. विश्वास बसेना, म्हणून इथल्या एका सीटखाली बसवला आणि वर वजनं ठेवत गेलो. भरल्या अंगाचा माणूस बसला तर धक्क्यानेही तो सुटत नाही. शाळकरी पोराएवढं वजन असेल तेव्हाच सुटतो. मी निघालो तेव्हा अप्पा माझ्याहून भारी होते गं.

बिघाड स्विचमध्ये नव्हताच. तो बिचारा ओरडून सांगत होता, आणि मी तुला त्याचं तोंड बांधायला लावलं. वर वजनावरून थट्टा केली. तीन पत्रांत फिल्टर, झाकण, वायरी, सगळ्यांची विचारपूस केली आणि चालवणाऱ्याची एका नमस्कारावर बोळवण केली. मला माझीच लाज वाटते. काल घरी फोन केला, अप्पांनीच उचलला. तब्येत विचारायचा धीर झाला नाही. ट्रॅक्टर कसा आहे विचारलं आणि ठेवून दिला.

त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे ने. त्या वायरी आधी सोडव. मी रजेचं बघतो.

चुकलं माझं. तरी लोभ कमी करू नकोस.

दादा

१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अप्पांच्या पोटात गाठ आहे. बारा तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तू निदान लांब होतास. मी एका घरात राहते, आणि मापं घेणं हा माझा धंदा. अप्पांच्या कमरेला टेप लावली, खडूने खूण केली, शिवण घातली. दोनदा. हाताला कळलं, डोक्याला नाही. रात्री ते ताटात चिवडत बसायचे तेव्हा मी काजं करत असायचे. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. लपवून काय करणार होते?

रजेचं बघतो लिहिलं होतंस. अजून बघतोच आहेस का? रागावून विचारत नाही. एकटीला भीती वाटते.

तुझी,
धाकटी

४ सप्टेंबर

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

पडल्यापडल्या लिहितोय, अक्षर लावून घे. तुम्ही दोघं एकमेकांत दोष वाटून घेताय आणि खरा धनी बाजूला बसलाय, हे काही मला पटत नाही.

ट्रॅक्टर का थांबतो ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून बूड सीटवर दाबलं की चालायचा, अंग सैल सोडलं की बंद. आपलं अंग उतरलेलं आपल्याला कळत नाही होय? त्याच दिवशी सांगणार होतो. पण धाकटीने तुला लिहिलं, आणि तुझं उत्तर आलं. चांगलं दोन पानी. मग दुसरं. इथून गेल्यापासून तू एवढं कधी लिहिलं नव्हतंस. ती जेवताना मोठ्याने वाचायची, आणि दादा पुढच्या खेपेला काय सांगतोय यावर आमच्या पैजा लागायच्या. खरं सांगितलं असतं तर ट्रॅक्टरचा प्रश्न तिथेच मिटला असता आणि पत्रंही थांबली असती. म्हणून गप्प बसलो. चूक झाली. तुम्हाला उगाच अपराधी केलं.

ऑपरेशनच्या आधी ये. हत्यारांची पेटी आणू नकोस, इथे तू दुरुस्त करावंस असं काही नाही. नुसता येऊन बस जवळ.

वाट पाहणारे,
अप्पा