मास्तरीणबाईचं औषध

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चि. बबडीस,

बाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझं ऑफिस, जेवणखाण, खोकला, सगळं मार्गी लागलं असेल असं धरून चालतो. इथे हवा कोरडी आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे.

काळजी आहे ती मास्तरीणबाईची. तूच नाव ठेवलेली तुझी तांबडी कोंबडी. बाकीच्या आठजणींना चोचीच्या धाकात ठेवणारी ही बाई गेल्या आठवड्यात पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. तुरा फिका पडला, दाण्यांकडे बघेना. उचलून पाहिली तर हाताला नुसतं छातीचं हाड लागलं. पिसांमुळे इतके दिवस कळलंच नव्हतं.

तिची शीट डबीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. पोटात जंत निघाले. एकीला आहेत म्हणजे सगळ्यांना असणार, असं ते म्हणाले. कळपाला औषध पिण्याच्या पाण्यातून द्यायचं, एकच दिवस, एकदाच, आणि त्या दिवशी दुसरं पाणी ठेवायचं नाही. आजारी कोंबडीला वेगळं ठेवून ड्रॉपरने, वजनाच्या हिशेबाने थेंब मोजून. खुराड्यातला जुना भुसा काढून टाकायचा, खालची जमीन कोरडी ठेवायची, ते हो म्हणेपर्यंत अंडी खायची नाहीत.

तुझ्या आईचं औषधांच्या बाबतीत कसं असतं ते तुला माहीतच आहे. दवाखान्यात एकतीस वर्षं औषधं दिली, एकाची पुडी दुसऱ्याला कधी गेली नाही. बाटली घरी येताच तिने चष्मा लावला, कागदाची पट्टी कापली, कडेला खाचा पाडल्या आणि ती बाटलीवर चिकटवली. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. मास्तरीणबाईला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवलं, खाली तुझा जुना टॉवेल. तो टॉवेल कशाला म्हणून मी कुरकुर केली, ती माझ्या अंगाशी आली.

रविवारी औषध दिलं. दुपारी दोन कोंबड्या झोकांड्या खायला लागल्या आणि मास्तरीणबाईची मान एका बाजूला कलली. माझ्या हातून औषध जास्त गेलं होतं. डॉक्टर आले, साधं पाणी भरपूर ठेवायला सांगितलं, मला चांगलंच झापलं. त्या दोघी सावरल्या. मास्तरीणबाईचं अजून सांगता येत नाही. तर असा सगळा घोळ झाला. बाकी ठीक.

एवढं लिहून उठलो, चहा केला, तो तसाच ठेवून परत बसलोय. बबडे, वर लिहिलं ते खरं नाही.

रविवारी सकाळी औषध तुझ्या आईनेच दिलं. मी शेजारी उभा होतो. अगदी डोळ्यांसमोर बाटली धरून तिने माप घेतलं. मग मी बाजारात गेलो. तिथे दोघं ओळखीचे भेटले, बोलण्यात वेळ गेला. परत आलो तेव्हा ती पुन्हा चष्मा लावून कोंबड्यांच्या भांड्यात पाणी भरत होती. मला म्हणाली, "बरं झालं आलात. चला, औषध घालू या, सकाळपासून राहूनच गेलंय."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसलोसुद्धा. मग बाटली उचलून पाहिली. सकाळी मी निघालो तेव्हा औषध पहिल्या खाचेवर होतं, आता ते तिसऱ्या खाचेला टेकलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा दिलंत. तिने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं की माझ्याकडून झालं. त्यावर ती हसून म्हणाली, "यांना साधा चहा मापात करता येत नाही, आणि यांच्या हातात औषध." डॉक्टर हसले, मीही हसलो. माझे पाय कापत होते.

हे पहिलं नाही. भाजीत दोनदा मीठ कुणाच्याही हातून पडतं. पण मागच्या महिन्यात ती अख्खी सकाळ दवाखान्याच्या किल्ल्या शोधत होती. दवाखाना सोडून तिला सहा वर्षं झाली. तू फोनवर विचारलंस, आई एकच गोष्ट दोनदा का सांगते, तेव्हा मी आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला होता. आवाज चांगला येत होता. ती फोन कायम स्पीकरवर ठेवते, म्हणून हे पत्र.

कोंबडी आजारी दिसली तर मी अर्ध्या तासात डबी घेऊन पळालो. तुझ्या आईसाठी सहा महिने घरात बसून आहे. डॉक्टर त्याला एक नाव देतील आणि मग ते नाव आमच्या घरात राहायला येईल, एवढीच भीती. आता वाटतं, तिने माझ्या गोळ्यांत असा घोळ केला तर चालेल, स्वतःच्या गोळ्यांत केला तर काय करू?

तू ये. कारण तिच्यासमोर काढू नकोस. कोंबडी बघायला आले म्हण. दर पत्रात तळाशी चार बोटं जागा तुझ्या आईसाठी सोडतो, ती या वेळी मुद्दाम भरून टाकली आहे.

तुझी वाट बघणारे,
बाबा

बबडे, कागद आडवा धर, कडेने लिहितेय. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, एवढे हुशार. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला जागा सोडली नाही, म्हणून सगळं वाचलं.

खाचा मीही पाहिल्या होत्या, डॉक्टर यायच्या आधी. माझ्याच हाताने पाडलेल्या, त्यांच्यावर विश्वास नाही ठेवणार तर कशावर ठेवू. तरी सगळं यांच्या अंगावर जाऊ दिलं आणि वर हसले. फार घाबरले होते गं. अजून घाबरलेय.

मास्तरीणबाईने आज भिजवलेले चार दाणे खाल्ले. मान वाकडीच आहे, पण माझ्या बोटाला चोच मारली. बाटली यांच्या कपाटात ठेवली, किल्ली यांच्याकडे दिली. यांनी ती लगेच खिशात टाकली.

कोंबडी बघायला येऊ नकोस. मला डॉक्टरांकडे न्यायला ये. यांचे पाय कापतात. लवकर ये.

आज तरी तुला पक्की ओळखणारी,
तुझी आई