यादीतलं तिसरं नाव

किन्हवली,
१२ डिसेंबर २००९

प्रिय दादा,

जय भीम. लॅपटॉपचं वायरलेस लागलं, बाराव्या दिवशी. ही बातमी आधी, कारण फोनवर तू तेवढंच विचारतोस. बाबा कसे आहेत ते नंतर, आठवलं तर.

दिवाळीत नवा लॅपटॉप घेतलास आणि जुना मुरबाडच्या मित्राबरोबर आमच्याकडे धाडलास. गेल्या वर्षीच विंडोज काढून लिनक्स टाकलंय, व्हायरस लागत नाही, समोरच्या अनंतागुरुजींकडे नेट आलंय तर पासवर्ड घे, म्हणजे बाबा मला रोज बघतील, असं म्हणालास. ते मी लगेच बाबांना सांगितलं, तीच चूक झाली. जुलैत लकवा मारल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलंय. गुरुजींच्या ओटीवर न्यायचं तरी चार माणसं लागतात, म्हणून नेट खाटेपर्यंत हवेतूनच यायला हवं होतं. लागला का गो, रत्नदीप दिसंल ना, हा त्यांचा दिवसभर एकच धोशा.

आणि ते मेलं लागेना! तुला फोन केला तर म्हणालास, वायरलेस चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, नसेल, टाक, मी मीटिंगमध्ये आहे. टाक म्हणे! भाजीत मीठ टाकायचंय का? मी एमएससीआयटी केलेली बाई, काळ्या पडद्यावर कमांड मारायला मला शिकवलंय कोणी? तीनदा एसटीने शहापूरच्या सायबर कॅफेत गेले, इंग्रजी पानं वहीत उतरवली, ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणला. एक आडवी रेघ चुकली की सगळं पहिल्यापासून. आई म्हणायची, सोड गो ती पीडा, आमी काय टीव्ही बघत नाय का. शेवटी निघालं काय, तर लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायरलेस चालू-बंद करायचं नखाएवढं बटण आहे. धूळ बसू नये म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याची तंग खोळ शिवली होती. आत सरकवताना दर वेळी ते बटण बंद होत होतं. ड्रायव्हर पहिल्यापासून होताच. इतकी हसले की आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

पासवर्डात एक अक्षर चुकलं, ते दुरुस्त करायला जुन्या जोडण्यांची यादी उघडली. तू फोटो पुसलेस, मेल पुसलेस, ही यादी पुसायची राहिली. पहिलं तुझं घर, दुसरं ऑफिस, आणि तिसरं नाव टोकावड्याच्या पुढच्या त्या रिसॉर्टचं. शेजारी लिहिलेलं, शेवटचं वापरलं पाच महिन्यांपूर्वी.

पाच महिन्यांपूर्वी बाबा मुरबाडच्या दवाखान्यात होते, दादा. तो अख्खा जुलै तू सांगत होतास की ऑडिट आहे, रजा नाही, पुण्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्या रिसॉर्टवरून मुरबाड अर्ध्या तासावर. बाबा वाकड्या तोंडाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, खासगी नोकरी हाय, त्याला रजा नाय भेटत. त्यांचं बोलणं कोणाला कळत नव्हतं, मी उलगडून सांगत होते. तुझी बाजू मी मांडत होते! योगिनीवहिनीला आपली वस्ती दाखवायची लाज वाटते का तुला? सरळ विचारते. वाटत असेल तर एकटा यायचास.

नेट लागून आज चार दिवस झाले. बाबांना मी सांगितलंय, अजून नाय लागलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. ते रोज दाढी करून घेतात, पांढरा सदरा चढवून बसतात, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. कारण एकदा तुला पडद्यावर दाखवलं की तू सुटलास, मग तू येणारच नाहीस. मेलला तू एका ओळीत उत्तर दिलं असतंस, म्हणून हे कागदावर. ये. त्यांच्या खाटेवर बस. दुसरा झटका येऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. ती यादी मी पुसून टाकीन, बाबांना शेवटपर्यंत कळू देणार नाही. पण तू आला नाहीस, तर त्यांच्यामागे या घरात तुला दादा म्हणणारं कोणी नसेल.

तुझीच, आज तरी,
संध्या