तारेवरचे तुकडे

वाळूज,
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा,
सा. न.

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? द्वारकाआत्याला म्हणावं, तुम्हाला जिना चढू देऊ नको. फोनवर मशीनचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून फुलंब्रीला पत्र धाडतेय.

ते नवं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन ठीक आहे. बिघडायला ते चालतंय कुठं? सरकारी अनुदानातून आलं, तुम्ही हार घातलात आणि प्लास्टिकखाली झाकून ठेवलंत. मागच्या आठवड्यात पाहणीला साहेब आले. आम्ही सगळ्यांना नवे एप्रन दिले आणि परदेशी कंपनीचा माणूस जो एकच प्रोग्राम भरून गेलाय, त्यावर तेच नमुने काढून दाखवले. साहेब ‘तंत्रज्ञान आत्मसात’ असं लिहून गेले. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. माल अजून जुन्या लेथवरच निघतो.

मोठ्या गिऱ्हाईकानं पार्टचं ड्रॉइंग बदललंय, हे तुम्हाला माहीत आहे. नवा पार्ट लेथवर होत नाही. आपल्या कारखान्यातली निम्मी माणसं त्याच ऑर्डरवर जगतात. तो परदेशी कंपनीचा माणूस दिवाळीनंतर येणार होता, आता होळी म्हणतो. मी लेथवरच्या कारभारीमामांना म्हटलं, तुम्हीच प्रोग्राम करून बघा. ते वर तुमच्या तारेकडं बघायला लागले. ज्याच्या हातून तुकडा बिघडेल, त्याच्या डोक्यावर तो शनिवारपर्यंत टांगायचा, हा तुमचा नियम. म्हणाले, “ताई, रिटायर व्हायला आलो, आता ह्ये टांगून घिऊ व्हय?”

चिकलठाण्याला तुम्ही लेथ शिकलात, ते काय एकही तुकडा न बिघडवता?

आपली लुबना तेवढी बिघडवायला घाबरत नव्हती. तिच्या डोक्यावर तोरणच झालं होतं, पण त्यातला प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बरा होता. तुम्ही एकदाही हातात घेऊन पाहिलं नाही. पाहुण्यांसमोर म्हणालात, “ही आमची भंगारवाली.” दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता. अजून आहे.

तिनं इथंच भाड्याच्या शेडमध्ये तसलंच एक जुनं मशीन टाकलंय, हे तुमच्या कानावर आलं असेल. पुढचं आलं नसेल. सोमवारी गिऱ्हाईकाचा माणूस आला. म्हणाला, तुमच्याकडं होत नसेल तर कुणाकडं होईल, तेवढं तरी सांगा. मी लुबनाचं नाव सांगितलं. तिचा नमुना काल पास झाला. ऑर्डर गेली, आप्पा.

रात्री तुमच्या काळजीनं झोप लागली नाही, पण पस्तावा होत नाही.

आपली माणसं कामावर घ्यायला ती तयार आहे. मीही येऊ का, असं विचारलं तेव्हा तिनं आधी हातातलं काम संपवलं. मग म्हणाली, “मालकीण बनून येऊ नको. बिघडवायला ये.”

सोमवारपासून जातेय.

तुमच्या हाताखाली जे शिकता आलं नाही, ते शिकायला निघालेली, तरी तुमचीच,
श्रेया