धुतलेली फरशी

वहिनी,

कंपनीची गाडी लवकर आली, मी विंचूरला चालले. तुला उठवलं नाही. मटकी शिजवून ठेवलीय, फक्त फोडणी दे.

काल ती खुनाची डॉक्युमेंटरी बघताना मी उगाच वकिली केली. पोलीस यायच्या आत बायकोने फरशीवरचं रक्त धुतलं, म्हणजे नवऱ्याला तिनेच मारलं, हे मी चारदा म्हणाले. "घरात माणसं येणार, तसंच ठेवायचं का?" एवढंच बोलून तू ताटावरून उठलीस.

दादा बाथरूममध्ये पडला आणि गेला, त्या दिवशी आम्ही त्याला दवाखान्यातून घरी आणेपर्यंत तूही सगळं एकटीने धुऊन ठेवलं होतंस. मला हे आज अंघोळीला गेल्यावर आठवलं.

बाथरूम घासलंय. यापुढे ते मीच घासेन.

वैष्णवी