कुलूप लावलेले प्रश्न

३ फेब्रु., सोम.
'कट्ट्या'वर आज नवे प्रश्न शून्य. काल शून्य. शनिवारी एकजण आला, तोही झटपट कर्ज देणारा, उडवला. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी सात वर्षं चालवलेली ही मराठी प्रश्नोत्तरांची वेबसाइट, आणि मी तिथली एकटी झाडूवाली. शिरोळचे मगदूम काका दिवाळीपासून फिरकले नाहीत. फोन केला की ऊसतोड चालू आहे म्हणतात. निम्मी उत्तरं त्यांचीच.

५ फेब्रु., बुध.
जेवणाच्या सुट्टीत जुने धागे वाचत बसले. 'प्रिंटर चालत नाही' हा प्रश्न कितीदा तरी, आणि दर वेळी काकांचं नवं कोरं उत्तर. "पावणं, आधी वायर बघा. बघितली म्हणू नगा, बघाच." मग म्हशीचं दूध, पोरीचं लग्न, शेवटी प्रिंटर चालू.
गेल्या पावसाळ्यात मी सुधारणा केली. गप्पा काढून टाकल्या. दुसऱ्यांदा आलेल्या प्रश्नाला कुलूप: 'याचे उत्तर आधीच दिलेले आहे.' काकांचीही उत्तरं कापली. कट्टा कसा लख्ख झाला. कुत्रं फिरकत नाही आता. सुधारणा म्हणे! स्वतःचीच चीड येते.

९ फेब्रु., रवि.
शिरोळला जाऊन आले. उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रखडत. काकूंनी तांब्याभर ताक पुढे ठेवलं, नको म्हणायची सोय नाही. काका आडपडदा न ठेवता बोलले.
"उत्तरं हाईत की तिथं सगळी. मग माणूस कशाला लागतोय?"
म्हटलं, काका, पसारा झाला होता हो.
"आमी बोललेलं तुला पसारा वाटलं व्हय?"
मग मोबाइल दाखवला. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. कट्ट्यावरचीच सगळी माणसं, दिवाळीपासून तिथं. एकानंही मला सांगितलं नाही.
"तुला वाईट वाटंल म्हणून न्हाय बोललो, सुनीता."
स्टँडवर आल्यावर रडले. लोक बघत होते, बघू देत.

११ फेब्रु., मंगळ.
काकांनी ग्रुपची लिंक पाठवली. "ये. पण तिथं कोण कुणाला गप करत न्हाय."
ग्रुपवरचं उत्तर चार दिवसांत वाहून जातं. वर्षानं कुणाला अडलं तर सापडणार कुठं? एवढं तरी माझं खरं आहे. खरं असून काय उपयोग, ऐकायला माणूस नको? संध्याकाळी लिंक दाबली.

१२ फेब्रु., बुध.
कोडोलीच्या एकानं लिहिलं, "आलासा काय मॅडम!" बाकी चिडीचूप. रविवारी काकांच्या मोबाइलवर पाहिलं तेव्हा तिथं नुसता कालवा होता. मी आले आणि वर्गात साहेब शिरल्यागत झालं. आपण बोलायचं नाही, ठरवलंय.

१५ फेब्रु., शनि.
दुपारी शाहूवाडीच्या एका गुरुजींनी विचारलं: "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतोय. शाळेतल्या पोरांचे सगळे फोटो त्यातच हाईत. राहतील न्हवं?"
काका: "राहत्यात की. बिनधास्त करा."
राहतात, पण लिनक्स टाकताना मध्ये योग्य पर्याय निवडला तरच. चुकला की डिस्क पुसली जाते. फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा, हे सांगायचं काका विसरले. कट्ट्यावर त्यांचंच सविस्तर उत्तर आहे. त्याची लिंक चिकटवली आणि काढली. पुन्हा तेच, 'आधीच दिलेले आहे.' नको.
गुरुजी: "सुरू करतो मग."
त्यांना फोन लावला, उचलला नाही. काकांचा लागेना, रानात असणार.
शेवटी ग्रुपवरच लिहिलं. 'गुरुजी, थांबा. आधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या. काकांचं उत्तर अपुरं आहे.' 'अपुरं' दोनदा खोडलं, दुसरा शब्द सुचेना, तोच ठेवून पाठवलं.
बाकी सगळ्यांनी वाचलंय. मगाशी काका काहीतरी लिहितायत असं वर दिसलं, मग तेही गेलं. गुरुजींच्या नावापुढे मात्र वाचल्याची खूण अजून नाही.