दादाची शीळ

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गळ्यात ओळखपत्र असलं की सतराव्या वर्षीही शाळेची पोरं मॅडम म्हणतात. हसू येतं. बाबा कामावर जायला लागले का?

तुला एक सांगायचं होतं. दादा इथे प्राणिसंग्रहालयात मुलांना पाणमांजराची माहिती सांगायचा, ते काम आता माझ्याकडे आलंय. तो गेल्यापासून पाणमांजर बिळाबाहेर येतच नव्हतं. सोमवारी माझं बोलणं ऐकून मुलं कंटाळली आणि माझ्या तोंडून नकळत शीळ निघाली. दादा आपल्या फाटकातून आत येताना घालायचा, तीच. पाणमांजर धावत आलं, काचेला पंजे लावून उभं राहिलं आणि माझ्या मागे बघत राहिलं.

“मॅडम, ते कुणाला शोधतंय?” एका चिमुरडीने विचारलं.

“मासा,” मी म्हटलं. माझ्या हातातली बादली तर रिकामीच होती.

पाणमांजराला सांभाळणारे काका रागावले. “या शिळेवर तुझा दादा त्याला मासा द्यायचा. मुक्या जिवाला खोटी हाक मारू नये, पोरी. आता रोज शीळ घाल आणि मासा दे. बघ, नुसती हाडं राहिलीत त्याची.”

म्हणून रोज घालते. आता ते पोटभर खातं, पण आधी माझ्या मागे बघून घेतं. काळजी करू नकोस. मागे कुणी नसतं, हे मला कळतं. तरी शीळ संपली की मीही वळून बघते.

बाबांना यातलं सांगू नकोस.

तुझी,
धाकटी