सतरा चिठ्ठ्यांची कोरी बाजू

सोमवार, ता. ९
सकाळचे अकरा

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. ते काही मी या चार वर्षांत परत घेतले नव्हते, फक्त पाठवले नव्हते. तुम्ही सगळे बरे असाल. इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त. माझी पूजा, जप, हिशोबाची वही, सगळं वेळच्या वेळी चालू आहे. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागचा फेब्रुवारी आरपार दिसला तर चालवून घे. एवढी चांगली कोरी बाजू टाकून द्यायला माझा हात होत नाही, तुला माहीतच आहे.

आता नीट बस आणि हातातला चहा खाली ठेव. तुझ्या ताईने खेळ तयार केला आहे! नेटवरचा! आणि तो येत्या रविवारी चार हजार माणसं खेळणार आहेत!

हसू नकोस. पहिल्यापासून सांगते.

माझी सून तू पाहिलेली नाहीस. लग्नाची पत्रिका पाठवली होती, तू आली नाहीस, ते असो. ती दिवसा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि संध्याकाळी नेटवरच्या एका मंडळीत रमते. ही मंडळी शब्दांचे खेळ खेळते. माणसं जगभर पांगलेली, कोणी कोणाला तोंडाने ओळखत नाही, सगळा व्यवहार टोपणनावांचा. वर्षातून एकदा कोणीही नवा खेळ सुचवायचा. आठ जण तो महिनाभर खेळून बघतात आणि त्यांना पटला तर तो सगळ्यांसाठी उघडतात.

यंदा सूनबाईने खेळ दिला होता. अक्षरं पडत राहतात, भराभर शब्द जुळवायचे, असं काहीतरी. आठांनी नापास केला, दुसरा द्यायची एक संधी मात्र ठेवली. बिचारी जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसली होती, समोर मी शेंगा सोलत होते.

"अहो आई, तुम्ही लहानपणी काय खेळायचा हो?"

"चिठ्ठ्या," मी म्हटलं.

"म्हणजे?"

तुला सांगायला नको, पण तिला सांगताना मला इतकी मजा आली की पुन्हा लिहिते. चिठ्ठीच्या एका बाजूला एकीने एका वस्तूचं नाव लिहायचं. ती चिठ्ठी पुढचीकडे. तिने मागच्या कोऱ्या बाजूवर त्या वस्तूची स्वतःची एक आठवण लिहायची, एकाच ओळीत, खरी किंवा रचलेली. मग मोठ्याने वाचायची, आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "खरं!" नाहीतर "थाप!" फसवलं तर गुण तिचा, पकडलं तर पकडणारीचा. क्रम ठरलेला. आधी आपली आई, मग तू, मग मी, पुन्हा आई.

'बादली' या शब्दावर तू लिहिलं होतंस, "या बादलीतून मी गच्चीच्या टाकीतली सुसर खाली आणली." आणि आई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "खरं!" तुझं तोंड असं झालं होतं की शेवटी तूच ओरडलीस, "अगं, थाप आहे ती!" सुनेला हे सांगताना मी इतकी हसले की शेंगा जमिनीवर. ती मात्र उठून उभी राहिली. "अहो आई, हाच! हाच खेळ!"

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे कारखाना झालं आहे. शर्टाच्या जुन्या बटणांचे खेळाडू केले (बटणं जपून ठेवल्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली, आता बघ), टेबलावर खडूने गोल काढला आणि आम्ही दोघी बटणं सरकवत बसायचो. हे येऊन विचारायचे, "जेवण कुठे वाढायचं? मांडीवर?" मी हिशोबाच्या वहीसारखीच एक वही केली. जमा बाजूला खेळणाऱ्यांना काय आवडलं, नावे बाजूला कशाने ते वैतागले. एकदा नावे बाजू जमेच्या दुप्पट झाली, तर मला जेवण गेलं नाही. मंडळीत माझं टोपणनाव 'शिल्लक' आहे. सुनेने ठेवलं, मी विरोध केला नाही.

एकदा देवापुढे हात जोडून विचारलंसुद्धा, या वयात लोकांना थापा मारायला शिकवतेय, पाप तर नाही ना? मग मनात आलं, आपण थाप मारायला शिकवत नाही, ओळखायला शिकवतो. दिवा शांत जळत होता. मी तो होकार धरला.

खरं भांडण झालं घड्याळावरून.

"प्रत्येकाला नव्वद सेकंद," सून म्हणाली. "लिहिलं नाही तर नंबर पुढच्याचा."

"आणि दूध उतू जात असेल तर?"

"तर गेला त्याचा नंबर."

"आमच्याकडे नंबर जात नसतो."

"अहो आई, नेटवर लोक थांबत नाहीत! एक जण उठून गेला तर बाकीच्यांनी काय जांभया द्यायच्या?"

"त्यांनी दुसऱ्या टेबलावर खेळावं. पण या टेबलावरची त्याची खुर्ची कोणाला द्यायची नाही आणि त्याची चिठ्ठी दुसऱ्या कोणी उलटायची नाही. तो येईल तेव्हा लिहील."

"आणि आलाच नाही तर?"

"येईल."

दोन दिवस आम्ही एकमेकींशी मिठाएवढंच बोललो. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बरं, तुमचं खरं. आठ जणांना ठरवू दे."

आठांमध्ये एक निवृत्त पोस्टमन आहेत, टोपणनावही 'पोस्टमन'च. मध्येच ते नाहीसे झाले. त्यांच्यासमोर शब्द होता 'चप्पल'. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बाकीच्यांनी दुसरी टेबलं मांडली, पण रोज कोणी ना कोणी येऊन त्या रिकाम्या खुर्चीकडे डोकावून जायचं. "आले का हो?" "नाही अजून." अकराव्या दिवशी ओळ उमटली. "काल दवाखान्यातून घरी आलो, तर चप्पल दाराशी होती तशीच होती, बायकोने हलवली नव्हती." आणि सातही जण एकदम, "खरं!" भिंगरी, मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. हे धावत आले, त्यांना वाटलं पाल पडली.

आठपैकी आठ मतं! त्यांनी लिहिलं की असा थांबणारा खेळ त्यांनी पाहिला नव्हता. सुनेने मला उचलायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. खाली पाटी लागणार आहे, 'रचना: शिल्लक आणि सूनबाई'. मी तिला आणखी दोन नावं घालायला लावली, ती पुढे सांगते.

त्या संध्याकाळी तिने हळूच विचारलं, "अहो आई, हा खुर्ची राखायचा नियम तुम्हाला सुचला कुठून? तुम्ही कोणाची वाट बघताय का?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. दूध फ्रीजमध्ये होतं.

तिने हेही विचारलं होतं की सुरुवातीला टाकायला दोनशे शब्द आणलेत कुठून. मी म्हटलं, आठवून आठवून लिहिले. म्हणाली, "तुमचा कान बघा, किती लाल झालाय!" मी चमकलेच. तिला कोणी शिकवलं हे? माझी थाप पकडायची ती खूण फक्त तुझी होती. मी तोंड उघडायच्या आत तू ओरडायचीस, "ताईचा कान बघा!" आई पदर तोंडाला लावून हसायची.

आता मुद्द्याचं लिहिते. वरचं सगळं खरं आहे, पण त्याच्या आडोशाला मी किती वेळ उभी राहू?

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू फोन केलास. विमान मिळालं नाही म्हणून रडलीस, आणि मग विचारलंस, "ताई, आपला चिठ्ठ्यांचा डबा कुठे आहे गं?" मी म्हटलं, "रद्दीत गेला असेल. आवराआवरीत कोण बघतंय?" तू फोन ठेवलास. त्यानंतर ती एक पत्रिका सोडली तर तू नाही, मी नाही.

डबा रद्दीत गेला नव्हता. तेव्हा तो माझ्या मांडीवर होता.

थाप होती ती, भिंगरी. आयुष्यातली सगळ्यात मोठी, आणि तू पहिल्यांदाच पकडली नाहीस. फोनवर कान दिसत नाहीत ना. मला मात्र वाटत होतं, ही ओरडेल. जी बाई पिशव्या धुऊन वाळत घालते, पेन्सिलीचं थोटूक टाकत नाही, ती आईचा डबा रद्दीत घालेल? हे तुला खरं वाटलंच कसं? चार वर्षं मी उलटी तुझ्यावरच रुसून बसले की तू ओरडली का नाहीस.

का खोटं बोलले? आईचं उजवं अंग गेल्यापासून तेरा महिने मी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. ती बोलू शकत नव्हती. आणि तू विचारलंस ते डब्याचं. "ताई, तू कशी आहेस?" एवढं विचारलं असतंस तर डबाच काय, मी घर उचलून दिलं असतं. आज कळतं की डबा विचारणं ही तुझी रडायची तऱ्हा होती. पण तेव्हा मला राग हवा होता, तो मिळाला, आणि मी तो पेन्सिलीच्या थोटकासारखा जपून ठेवला.

अजून एक आहे.

शेवटच्या महिन्यांत आई डाव्या हाताने काहीतरी खरडायची. मला वाटायचं, वेळ घालवतेय, म्हणून जुनी पाकिटं कापून द्यायचे. डबा तिच्या उशाशीच असायचा. सुनेसाठी शब्द काढायला यंदा डबा तळापर्यंत रिकामा केला, तेव्हा खाली फडक्यात गुंडाळलेल्या सतरा चिठ्ठ्या निघाल्या. वाकड्यातिकड्या अक्षरात एकेक शब्द. खिडकी. दात. बस. हिरवा स्वेटर. सगळ्यांच्या मागच्या बाजू कोऱ्या.

आपला क्रम आठव. आधी आई, मग तू.

ती तेरा महिने माझ्या हातून जेवली आणि खेळली तुझ्याशी. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? देवापुढे बसून रडले. मग एक चिठ्ठी हातात घेऊन उलटी केली, पेन उघडलं, आणि लिहू शकले नाही. नंबर माझा नव्हता. आणि तुझ्यानंतर माझाच नंबर आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. तू लिहिलंस तरच तो माझ्यापर्यंत येतो. आईने मला वगळलं नव्हतं गं. तिला क्रम पाठ होता.

घड्याळावरून मी का भांडले, ते आता कळलं असेल.

डबा आज वेगळ्या पार्सलने निघाला आहे, सतरा चिठ्ठ्या फडक्यासकट. काही अट नाही. एकदा अडवला तेवढा पुरे. तू उत्तर दिलं नाहीस तरी तो तुझाच.

रविवारी चार हजार माणसं आपापली टेबलं मांडतील. मीही एक मांडलं आहे, बाकी कोणाला दिसत नाही असं. तीन खुर्च्या. पाटीवरची जास्तीची दोन नावं त्यातल्या दोघींचीच, 'आई' आणि 'भिंगरी'. कसं उघडायचं ते सूनबाईने सोबतच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे. आईच्या खुर्चीतून पहिली चिठ्ठी पडली आहे, त्या सतरांतलीच एक. शब्द आहे 'किल्ली'.

मला या किल्लीची गोष्ट माहीत आहे. तुलाही आहे. मी लिहिणार नाही. थाप लिही, खरं लिही, दहा वर्षांनी लिही.

पण त्याआधी, त्या फोनवरच्या थापेसाठी, चार वर्षं उशिरा का होईना, एकदा जोरात ओरड. मी खिडकी उघडी ठेवून बसते.

कान अजून लाल असलेली,
तुझी ताई

ता. क. नंबर तुझा आहे.